बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचे वारंवार पडणे: कारण शोधा, पडणे टाळा

"लहानपणापासून असाच धडपडतो." "तिला पडायची सवयच आहे." बौद्धिक दिव्यांग मुलाला किंवा मोठ्या माणसाला दवाखान्यात आणणारे घरचे लोक असे अनेकदा सांगतात. गुडघ्यावर जुने वण असतात, हनुवटीवर टाक्यांची खूण असते, आणि घरात सर्वांनी ते मान्य करून टाकलेले असते.

हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे. (बौद्धिक दिव्यांगत्वालाच जुन्या प्रमाणपत्रांवर 'मतिमंदत्व' असे लिहिलेले आढळते.) त्यातली मुख्य गोष्ट अशी: पडणे हा स्वभाव नसतो. बहुतेक वेळा पडण्यामागे कारण असते आणि ते शोधता येते. पडणारी व्यक्ती ते कारण स्वतः सांगू शकत नाही, म्हणून ते शोधण्याचे काम तुम्हाला आणि डॉक्टरांना मिळून करावे लागते.

हा प्रश्न किती मोठा आहे?

म्हातारपणी माणसे पडतात हे आपल्याला माहीत असते. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती मात्र तिशी-चाळिशीतही जवळपास तेवढ्याच वेळा पडतात. परदेशांत झालेल्या अभ्यासांत साधारण दर तीन प्रौढ व्यक्तींमागे एक वर्षातून किमान एकदा पडते असे दिसले आहे. त्यांची हाडेही लवकर ठिसूळ होतात, त्यामुळे साध्या पडण्यातही हाड मोडू शकते.

याहून मोठे नुकसान पुढे होते. दोन-तीनदा पडल्यावर घरचे लोक घाबरतात आणि "बाहेर जाऊ नको, एका जागी बस" असे सांगू लागतात. हेतू चांगला असतो. पण सतत बसून राहिल्याने मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू सुकतात, तोल जातो, वजन वाढते, आणि ती व्यक्ती जेव्हा उठते तेव्हा आणखी सहज पडते. म्हणून बसवून ठेवणे हा पडण्यावरचा उपाय नाही.

पडण्याची कारणे

बहुतेकांमध्ये एकापेक्षा जास्त कारणे एकत्र असतात.

फिट येणे (अपस्मार, आकडी): सर्वसाधारण लोकांमध्ये शंभरात एकापेक्षाही कमी जणांना अपस्मार असतो. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये हे प्रमाण साधारण पाचात एक इतके आहे. प्रत्येक फिटमध्ये हातपाय झटकतातच असे नाही. काही फिटमध्ये शरीर क्षणात ढिले पडते आणि माणूस धाडकन कोसळतो. दोन मिनिटांत तो उठून बसतो, आणि बघणाऱ्याला वाटते की पाय अडखळला.

औषधे: फिटच्या काही गोळ्यांनी, विशेषतः मात्रा जास्त झाली तर, चाल झुलती होते. चिडचिड, आक्रमकपणा किंवा झोप यांसाठी दिलेल्या गोळ्यांनी सुस्ती येते, स्नायू ताठरतात किंवा उभे राहताना रक्तदाब उतरतो. फिटच्या काही जुन्या गोळ्या अनेक वर्षे घेतल्यास शरीरातले ड जीवनसत्त्व कमी होऊन हाडे कमजोर होतात. पण म्हणून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. फिटची गोळी एकदम थांबवली तर सलग फिट येऊन जिवाला धोका होऊ शकतो.

डोळे आणि कान: चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू असला तरी ही व्यक्ती "मला दिसत नाही" असे म्हणत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे तिला वाटत असते. डाउन सिंड्रोममध्ये मोतीबिंदू कमी वयातही होतो. कानात साचलेला मळ किंवा कानाचा जुना आजार यांमुळे ऐकू कमी येते, शिवाय चक्करही येऊ शकते.

पाय: सपाट तळवे, वाकडी बोटे, वाढलेली नखे, भोवऱ्या, तळव्याच्या भेगा. पाय दुखत असला तर चाल बदलते आणि तोल जातो.

घाई: लघवी आवरत नाही, बद्धकोष्ठ आहे, म्हणून धावत जाणे, जेवायला हाक आली की उठून पळणे. धोका ओळखून पाऊल जपून टाकणे या व्यक्तींना अवघड जाते.

वय: डाउन सिंड्रोममध्ये म्हातारपण लवकर येते. चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची सुरुवात होऊ शकते. चालता चालता अडखळणे, पायरीपाशी थबकणे ही त्याची पहिली खूण असू शकते. थायरॉइडचा दोषही या व्यक्तींमध्ये जास्त आढळतो.

पडण्याची वही ठेवा

डॉक्टरांना सर्वांत जास्त मदत होते ती एका साध्या वहीची. व्यक्ती पडली की त्याच दिवशी पुढील गोष्टी लिहा:

• तारीख आणि वेळ
• जागा: मोरी, उंबरठा, अंगण, रस्ता
• त्याआधी काय चालले होते: झोपेतून उठणे, वळणे, धावणे, नुसते उभे असणे
• कसे पडले: हात पुढे टेकले की सरळ तोंडावर
• पायात काय होते, उजेड होता का, जमीन ओली होती का
• शेवटची गोळी किती वाजता घेतली
• पडल्यावर शुद्ध होती का, कपड्यात लघवी झाली का, नंतर गुंगी किंवा झोप आली का
• कुठे लागले

लिहिता येत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवा, किंवा शाळेत जाणाऱ्या भावंडाला लिहायला सांगा. शक्य असेल तर चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, समोरून आणि बाजूने. "नुसताच पडला" असे वाटणारा प्रसंग मोबाईलमध्ये टिपला गेला, तर फिटचे निदान बऱ्याच वेळा त्यावरूनच होते.

चार-पाच नोंदी झाल्या की त्यांत साम्य दिसू लागते:

• उभ्या-उभ्या एकदम कोसळणे, हात पुढे न येणे, कपाळाला किंवा हनुवटीला मार लागणे: फिटची शंका घ्या.
• झोपून किंवा बसून उठताच पडणे: रक्तदाब उतरत असेल.
• गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत, किंवा गोळी बदलल्यावर पडणे: औषधाची मात्रा तपासून घ्या.
• तिन्हीसांजेला, अंधारात, पायरी उतरताना पडणे: डोळे तपासा.
• नेहमी एकाच जागी पडणे: दोष त्या जागेत आहे.
• महिन्यागणिक पडणे वाढत जाणे: शरीरात नवीन काही सुरू झाले आहे. डॉक्टरांना लवकर दाखवा.

समजा, वहीतल्या पाच नोंदींपैकी चार रात्री दहानंतरच्या आहेत, चारही वेळा ती व्यक्ती अंगणातल्या संडासाकडे निघाली होती, आणि रात्रीची गोळी नऊ वाजता दिलेली होती. यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: गुंगी, अंधार आणि लघवीची घाई. झोपण्याआधी लघवीला नेणे, वाटेवर दिवा लावणे आणि गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारणे एवढ्यावर पडणे थांबू शकते.

घर आणि अंगण: आपल्या भागातले धोके

घर सुरक्षित करण्याच्या बहुतेक सूचना शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेल्या असतात. कडाव आणि कर्जत-खालापूरच्या गावांत, वाड्या-पाड्यांत घरे वेगळी आहेत आणि चार महिने पाऊस जोरदार असतो. म्हणून या गोष्टी बघा:

शेवाळ: जूनपासून ओट्याच्या पायऱ्या, अंगणातली फरशी, विहिरीचा काठ आणि नळाभोवतीची जागा यांवर शेवाळ धरते. दर आठवड्याला ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने किंवा काथ्याच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लिचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो. घरापासून संडासापर्यंतच्या वाटेवर खडी किंवा खरबरीत फरशी टाकून घ्या.

दारातले गोणपाट: पाय पुसायला टाकलेले गोणपाट किंवा जुनी साडी गुळगुळीत फरशीवर घसरते. त्याऐवजी खालून रबर असलेले पायपुसणे वापरा.

उंबरठा आणि पायऱ्या: कडेला पिवळ्या किंवा पांढऱ्या ऑइल पेंटचा ठळक पट्टा ओढा, म्हणजे पाऊल किती उचलायचे ते डोळ्यांना कळते. ओट्याला दोन-तीन पायऱ्या असल्या तरी एका बाजूला लोखंडी पाइपचा किंवा पक्क्या बांबूचा कठडा करा.

मोरी आणि न्हाणीघर: पाटावर उकिडवे बसून उठताना तोल जातो. आंघोळीसाठी रुंद पायांचे, हलणार नाही असे, गुडघ्याच्या उंचीचे स्टूल द्या. भिंतीत धरायला पाइप बसवा. नळाला किंवा दोरीला धरून उठायची सवय लावू नका. फिट येत असतील तर आतून कडी लावू देऊ नका. पडदा लावा, किंवा बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवा.

रात्र: पावसाळ्यात वीज जाते. उशाशी बॅटरी किंवा चार्जिंगचा दिवा ठेवा आणि तो लावायची सवय दिवसाउजेडी करून घ्या. संडास घराबाहेर असेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची खोलीतच ठेवा.

चूल, विहीर, नदी: फिट येणाऱ्या व्यक्तीने चुलीपुढे, विहिरीच्या काठावर, ओढ्यावर किंवा नदीवर एकटे असू नये. अशा ठिकाणी पडण्याबरोबर भाजण्याचा किंवा बुडण्याचा धोका असतो.

बांध आणि रस्ता: भाताच्या ओल्या बांधावरून चालताना कोणीतरी सोबत असावे. रस्त्यावर छत्रीऐवजी रेनकोट बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि समोरचे दिसते.

पादत्राणे: झिजलेली रबरी स्लिपर हे पडण्याचे फार मोठे कारण आहे. टाचेमागे पट्टा असलेली, खाली खाचा असलेली, मापाची सँडल घ्या. एक नंबर मोठी घेऊ नका.

सणासुदीचे दिवस: बौद्धिक दिव्यांग व्यक्ती घरात सवयीने वावरते. गणपतीत मखरासाठी कपाट-पलंग हलतात, दिव्यांच्या माळांच्या वायरी जमिनीवरून जातात, पाहुण्यांच्या पिशव्या वाटेत पडतात. वायरी भिंतीला चिकटवा. सामान हलवले की त्या व्यक्तीचा हात धरून नवीन वाट दोन-तीनदा चालवून दाखवा.

व्यायाम: बसवून ठेवण्याऐवजी

पायांची ताकद आणि तोल सरावाने कोणत्याही वयात सुधारतात. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरे. भिंतीला टेकवलेली खुर्ची आणि शेजारी उभा राहणारा एक माणूस एवढेच लागते.

• खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दहा वेळा. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल.
• खुर्ची धरून टाचा उचलणे, दहा वेळा.
• खुर्ची धरून एका पायावर उभे राहणे, पाच आकडे मोजेपर्यंत. मग दुसरा पाय.
• खडूने जमिनीवर सरळ रेघ ओढून तिच्यावरून चालणे.
• चेंडू झेलणे, लेझीम, गाण्यावर पावले टाकणे.

सूचना तोंडी देत बसू नका, स्वतः करून दाखवा. एका वेळी एकच हालचाल शिकवा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गाण्यावर केले की सवय लागते. जमले की शाबासकी द्या. पाय वाकडे असतील, एक बाजू कमजोर असेल किंवा फिट आटोक्यात नसतील तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्या. डाउन सिंड्रोम असेल तर कोलांटी उडी, डोक्यावर उभे राहणे असे मानेवर भार देणारे प्रकार टाळा.

हाडांसाठी नाचणीची भाकरी, दूध-दही, तीळ, हिरव्या पालेभाज्या आणि चालत असेल तर सुकट, जवळा यांसारखी काट्यासकट खाता येणारी मासळी आहारात असू द्या. दिवसभर घरात असणाऱ्या व्यक्तीला रोज थोडा वेळ उन्हात बसवा किंवा चालवा. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र तपासणी करून डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या.

डॉक्टरांकडे काय मागावे?

वर्षात दोनदा पडणे झाले, एकदाच पण जोरात लागले, किंवा चालण्यात बदल दिसला, तर "पडतो म्हणून तपासायचे आहे" असे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्या. जाताना वही आणि सर्व गोळ्यांची पाकिटे न्या. बाहेरून घेतलेल्या आणि आयुर्वेदिक गोळ्याही त्यांत असू द्या. पुढील गोष्टी तपासल्या जाव्यात:

• झोपलेल्या आणि उभ्या स्थितीतला रक्तदाब
• औषधांचा फेरविचार: कोणती गोळी अजून लागते, कोणाची मात्रा कमी करता येईल
• डोळे, कान, पाय आणि चाल
• रक्त: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व
• फिटची शंका असेल तर मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी

सुरुवात जवळच करता येते. कडावचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय येथे पहिली तपासणी करून घ्या. गरज पडल्यास तेथून मोठ्या रुग्णालयात पाठवतात. राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे विभागीय केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढले नसेल तर काढा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बौद्धिक दिव्यांगत्वाचा समावेश आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून वॉकर, चाकाची खुर्ची यांसारखी साधने मिळू शकतात.

पडल्यावर काय करावे?

१. घाईने ओढून उभे करू नका. आधी श्वास आणि शुद्ध बघा. शांत आवाजात बोला.

२. फिट चालू असेल तर आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, झटके थांबताच कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ फिट चालली किंवा मधे शुद्धीवर न येता लागोपाठ आली तर १०८ ला फोन करा.

३. डोक्यापासून पायापर्यंत दोन्ही बाजू ताडून बघा: सूज, वाकडेपणा, रक्त. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचे हाड मोडले असू शकते. अशा वेळी हलवू नका.

४. मालीश करू नका, हाड ओढून बसवायला नेऊ नका. हात मोडल्याची शंका असेल तर पुठ्ठा किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र लावून, हलणार नाही असे बांधा आणि दवाखान्यात न्या.

५. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. रडला नाही म्हणजे लागले नाही, असे समजू नका. ज्यांना दुखणे सांगता येत नाही ते ते वागण्यातून दाखवतात: न जेवणे, एक हात न वापरणे, लंगडणे, झोप न लागणे, चिडणे, स्वतःला मारून घेणे. पडल्यानंतर वागणे बदलले तर एक्स-रे काढून घ्या.

ताबडतोब रुग्णालयात न्या:

• डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, उलट्या होत आहेत, झोपेतून जागे होत नाही, किंवा नाका-कानातून रक्त अथवा पाणी येत आहे
• हात-पाय हलत नाही, पायावर भार देत नाही
• मान दुखते किंवा एका बाजूला वळलेली राहते
• डाउन सिंड्रोमच्या व्यक्तीची चाल अचानक बिघडली, हातातली ताकद कमी झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला. मानेचे मणके सरकून मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणे असू शकतात. अशी व्यक्ती पडलेली नसली तरी न्या.
• रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे आणि डोक्याला मार लागला आहे

नेहमीचे प्रश्न

पडू नये म्हणून खुर्चीला बांधून ठेवले तर चालेल का?
नाही. बांधलेली व्यक्ती सुटण्याच्या धडपडीत खुर्चीसकट पडते. तिचे स्नायू कमजोर होतात, त्वचेवर जखमा होतात आणि मनावर आघात होतो. आई-वडील शेतावर किंवा कामावर जात असतील तर त्या वेळेत सोबत कोण राहील हे शेजारी, नातेवाईक आणि अंगणवाडी किंवा आशाताई यांच्याशी बोलून ठरवा.

डोक्याला हेल्मेट घालावे का?
धाडकन पाडणाऱ्या फिट वारंवार येत असतील तर आतून मऊ, हलके संरक्षक हेल्मेट उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. फिट आटोक्यात आणण्याचे उपचार मात्र चालूच राहिले पाहिजेत.

काठी किंवा वॉकर दिला तर?
योग्य मापाचा असेल आणि वापरायला शिकवला असेल तर फायदा होतो. दुसऱ्याची जुनी काठी किंवा चुकीच्या उंचीचा वॉकर दिल्यास त्यानेच अडखळायला होते.

सगळे एकाच दिवशी करायची गरज नाही. या आठवड्यात वही सुरू करा, झिजलेली चप्पल बदला आणि संडासाच्या वाटेवर दिवा लावा. पुढच्या आठवड्यात गोळ्यांची पाकिटे आणि वही घेऊन डॉक्टरांना भेटा.